सुएलेनच्या नावाचं गाणं

मारिनाल्वा खेकडे सोलायची. लिबरदाद मोहल्ल्याच्या धक्क्यामागे पत्र्याच्या छपराखाली बाया ओळीनं बसायच्या, समोर उकडलेल्या खेकड्यांचा ढीग, हातात लाकडी दांडकं. नांगी मोडायची, कवच ठेचायचं, आतलं मांस बोटानं ओढून टोपात टाकायचं. बोटांना चिरा पडायच्या, चिरांत खारं पाणी जायचं, आणि त्या काही रविवारपर्यंत भरून यायच्या नाहीत. या कामात तोंड तेवढं मोकळं असतं. बाकीच्या बाया त्या मोकळ्या तोंडानं नवऱ्यांचा उद्धार करायच्या. मारिनाल्वा गायची.

काय गायची? रेगे! ब्राझीलच्या या आमच्या साँव लुईस बेटाला दुसरं सुचतं काय! जमैका नकाशावर दाखवा म्हटलं तर निम्मं गाव भलत्याच समुद्रात बोट घालेल, पण तिथली गाणी इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. गाणी इंग्रजीत, आणि इंग्रजी इथं कुणाच्या बापाला येत नाही. त्यावाचून काही अडतही नाही. आमच्याकडे रेगे जोडीनं नाचतात, कमरेत हात घालून, डोळे मिटून. अशा वेळी अर्थ कोण विचारत बसतो? मारिनाल्वाचं कसब असं की एकदा ऐकलेल्या बाईचा आवाज तिच्या गळ्यातून जसाच्या तसा निघायचा, मधला उसासासुद्धा.

रविवारी दुपारी किनाऱ्यावर रादिओला लागायची. रादिओला म्हणजे स्पीकरच्या खोक्यांची भिंत, माणसाच्या दुप्पट उंच. समोर उभं राहिलं की छातीचा पिंजरा हलतो. सगळ्यांत मोठी रादिओला सेउ, म्हणजे शेठ, क्लोदोमीरची, नाव ‘गडगडाट’. माणूस बुटका, गोड बोलणारा, गळ्यात सोन्याची साखळी, आणि पोटात काय आहे ते शेवटपर्यंत कळू न देणारा.

या धंद्याची एक रीत आहे, ती कळल्याशिवाय मारिनाल्वाचं पुढे काय झालं ते कळायचं नाही. काळजात रुतून बसणाऱ्या गाण्याला आम्ही ‘दगड’ म्हणतो. एका रादिओलावाल्याकडचा दगड दुसऱ्याकडे असता कामा नये, कारण लोक दगडामागे धावतात. म्हणून तबकडी हातात आली की मालक आधी तिच्यावरचा कागद खरवडून टाकायचा. गाणारी कोण, कुठली, काही मागे ठेवायचं नाही. मग गाण्याचं बारसं व्हायचं. मालकाच्या मनात येईल त्या माणसाचं नाव गाण्याला द्यायचं, माइकवरून पुकारायचं, आणि त्या दिवसापासून अख्खं बेट ते गाणं त्याच नावानं ओळखणार. गाणारीचं नाव कुणी विचारत नसे. विचारलं तरी सांगणारा कुणी नसे.

सत्त्याण्णव साल असेल. क्लोदोमीरकडे गाणी लावणारा आर्लिंदो खेकड्याचं मांस घ्यायला धक्क्यावर आला आणि टोपापाशी उभाच राहिला. मांस घ्यायचं विसरला. दुसऱ्या दिवशी त्यानं मारिनाल्वाला क्लोदोमीरच्या गॅरेजमध्ये नेलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना, छताला अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले, मधोमध एक माइक. चाल तयार होती, वाजवणारे तयार होते.

“शब्द?” मारिनाल्वानं विचारलं.

“घाल काहीतरी,” आर्लिंदो म्हणाला. “इंग्रजीसारखं.”

“मला इंग्रजी येत नाही.”

“मग इथं कुणाला येतंय? तू फक्त जमैकावाली वाटली पाहिजेस.”

तिनं डोळे मिटले आणि ओठावर येईल ते गायली. ते इंग्रजी नव्हतं, पोर्तुगीज नव्हतं, जगात कुणाचंच नव्हतं. पण काय गायली हो! वाजवणाऱ्यांपैकी एक जण तोंड फिरवून उभा राहिला. क्लोदोमीरनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“पोरी, नीट ऐक,” तो म्हणाला. “हे तू गायलीस ही गोष्ट या खोलीबाहेर गेली, तर उद्या बेटावरचे सगळे रादिओलावाले तुझ्या दारात उभे राहतील. मग माझा दगड म्हणजे रस्त्यावरची खडी. आईला नाही सांगायचं, नवऱ्याला नाही, पोटच्या पोराला नाही. घे सांत बेनेदितोची शपथ.”

“आणि माझं नाव, सेउ क्लोदोमीर?”

“गाणं जुनं होऊ दे. सगळ्यांकडे पोचलं की लपवायचं काय उरलं? त्या दिवशी मी स्वतः माइकवर सांगतो. लिबरदादची मारिनाल्वा! पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत ऐकू जाईल.”

तिला तेवढंच हवं होतं. खरं सांगते, दुसरं काही नको होतं तिला. त्या खोक्यांच्या भिंतीतून एकदा आपलं नाव निघावं, आपल्या छातीवर आदळावं, आणि आजूबाजूच्या माणसांनी मान वळवून बघावं. तिनं शपथ घेतली.

पहिल्या रविवारी ती गर्दीत पुढे जाऊन उभी राहिली. आर्लिंदोनं तबकडी लावली. पहिल्या ओळीला गर्दी गप्प झाली, दुसऱ्या ओळीला जोड्या एकमेकांना चिकटल्या. क्लोदोमीरनं माइक उचलला. त्याच्या बाजूला सुएलेन उभी होती, त्याची नवी बाई, नखं लाल, तोंडात च्युइंगम.

“जमैकाहून थेट आलेला दगड, फक्त गडगडाटकडे!” तो ओरडला. “नाव ऐका! सुएलेनचं गाणं!”

सुएलेननं गर्दीकडे बघून हात हलवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मारिनाल्वानंही वाजवल्या, न वाजवून सांगते कुणाला?

आठवड्याभरात बेट वेडं झालं. बसमध्ये सुएलेन, न्हाव्याकडे सुएलेन, मयताहून परतणाऱ्या माणसांच्या तोंडी सुएलेन. धक्क्यावरच्या बायांना तर चघळायला विषयच मिळाला. कुणी म्हणे ती जमैकावाली आंधळी आहे. कुणी म्हणे तुरुंगात आहे, नवऱ्याला भोसकलंय तिनं. सगळ्यांत वयानं मोठी दोना झेफा खेकड्यावर दांडकं हाणत म्हणाली, “अगं, भोगलंय त्या बाईनं. तेव्हा कुठं आवाजाला अशी धार येते. आपल्यासारखं खेकडे फोडून येते होय? काय गं नाल्वा?”

“नाही येत,” मारिनाल्वा म्हणाली.

मग दर वर्षी आणखी एक गाणं. एकाचं नाव नगरसेवकाच्या बायकोवरून पडलं, एकाचं क्लोदोमीरच्या दाताच्या डॉक्टरवरून. एकाचं तर त्याच्या कुत्रीवरून. हो, कुत्रीवरून! आणि लोक त्या कुत्रीच्या नावाच्या गाण्यावर लग्नं जमवत होते. मारिनाल्वाची मुलगी काउआने याच गाण्यांवर उभी राहायला शिकली, याच गाण्यांवर झोपायची. “आई, ही कोण गाते?” तिनं लहानपणी विचारलं होतं. मारिनाल्वानं भाताखालची शेगडी बारीक केली आणि सांगितलं, “एक जमैकावाली आहे.” नवरा तोवर सोडून गेलेला. त्यालाही तिनं कधी सांगितलं नाही. शपथ पाळायची म्हणजे ती अशी पाळली बाईनं.

मोबाइल आले आणि लपवालपवीचे दिवस संपले. जो तो फोनवर सुएलेनचं गाणं घेऊन फिरायला लागला, आठवड्याच्या बाजारातला भाजीवालासुद्धा. मारिनाल्वा क्लोदोमीरकडे गेली.

“आता सांगा माझं नाव.”

क्लोदोमीरनं तिला बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली. “नाल्वा, माझं काय जातंय सांगायला? पण हसतील ना लोक. मला नाही, तुला. इतकी वर्षं त्यांनी जमैकाच्या समुद्रावरच्या बाईला मिठी मारलीय. आता म्हणायचं, ती समोर बसून खेकडे फोडते? गाणं मरेल तुझं.”

“माझं म्हणताय ना? मग सांगा.”

“वेळ येऊ दे, पोरी.”

वेळ येऊ दे! तेरा वर्षं झाली होती तेव्हा. ती कॉफी तशीच टाकून उठली.

मारिनाल्वानं रॅप सुरू केलं ते त्या रागानं. मोहल्ल्यातल्या पोरी चर्चमागच्या चौकात शनिवारी जमायच्या, एक स्पीकर, एक माइक. चाळिशीची बाई त्यांच्यात घुसली तेव्हा पोरी फिदीफिदी हसल्या. मग तिनं तोंड उघडलं आणि हसणं बंद झालं. यात उसना आवाज नव्हता, उसनी भाषा नव्हती. धक्क्यावरची शिवराळ, तिखट, आपली बोली. नाव काय, तर मारिनाल्वा. पत्रकावर छापलेलं. बेलेमहून बोलावणं आलं, तेरेझिनाहून आलं. बसमधून अंग आंबवत ती जाऊन आली, आणि तिथल्या पोरी तिच्या ओळी तिच्या आधी म्हणायला लागल्या. दोन-तीन वर्षं अशी गेली. सुखाची म्हणायची तर तेवढीच.

पण जीव अडकला होता त्या जुन्या आवाजात. एका शनिवारी, आमच्याच चौकात, तिनं मनात सांत बेनेदितोची माफी मागितली आणि नवं कडवं टाकलं:

खेकडा फोड, बोट फोड,
नखाखाली मीठ,
गळा माझा, नाव तुझं,
ऐक आता नीट!
सुएलेन कोण, जमैका काय,
कसली परदेशवाली?
दगड माझा, मीच गायले
अंड्याच्या ट्रेखाली!

कुणीतरी मागून ओरडलं, “आणि पेलेचे गोल पण तूच मारलेस का गं?” चौक फुटला हसून.

काउआने तेव्हा सोळा वर्षांची होती. घरी येऊन तिनं दप्तर आपटलं. “आई, खोटं बोलायचंच तर पचेल एवढं तरी बोल! वर्गात मला जमैकाची राजकन्या म्हणतात.”

“खोटं नाहीये ते.”

“मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?”

“शपथ होती.”

“शपथ!” काउआने म्हणाली. “वा! छान आठवली शपथ, चौकात हसू झाल्यावर.”

क्लोदोमीरनं यातलं सगळं ऐकलं, आणि तो रागावला नाही. असली माणसं रागावत नाहीत, ती जाहिरात करतात. गडगडाटच्या वाढदिवसाची भिंतीभिंतीवर पत्रकं लागली: सुएलेनचं गाणं गाणारी मूळ जमैकावाली प्रथमच आपल्या बेटावर! आणि आर्लिंदो मारिनाल्वाच्या दारात आला, नजर खाली. “सेउ क्लोदोमीर म्हणतात, तूही ये. दोघींनी गा. लोकांनाच ठरवू दे.”

ती खूश झाली हो! वेडी. नवीन ब्लाउज शिवला तिनं. तिला वाटलं, दोघी गायल्या की कळणारच.

रविवारी दुपारी भरती चढत होती आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली ती मूळ जमैकावाली स्टुलावर बसलेली. तिचं नाव शेरिल, राहणार गयानाची, जॉर्जटाउनला एका खाणावळीत स्वयंपाक करायची. मारिनाल्वा गळा गरम करायला गुणगुणत होती. शेरिलनं वर बघितलं आणि बघतच राहिली.

“ते तू गायलीस,” ती मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणाली. “तबकडीत तूच आहेस.”

मारिनाल्वाचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी हे बोललं होतं.

“कुठल्या भाषेत आहे गं ते?” शेरिलनं विचारलं. “मी जन्मापासून इंग्रजी बोलते. त्यात एक शब्द इंग्रजी नाही. मला ओठ हलवायला किती त्रास झाला!”

“मग सांग ना त्यांना! तुझं ऐकतील. बाहेर जाऊन एवढंच सांग.”

शेरिलनं तिचा हात हातात घेतला, थोपटला, आणि सोडला. “मला घरी जायचंय, बाई. मला परत नेणारा क्लोदोमीरच आहे. तू चांगली गातेस. मी काही सांगणार नाही.”

आधी शेरिल गेली. आर्लिंदोनं मागून तबकडी लावली, शेरिलनं ओठ हलवले, आणि भिंतीतून तोच आवाज आला जो लोकांच्या हाडात मुरला होता. बायका रडल्या. म्हातारी जोडपी नाचली. दोना झेफा मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन आली होती, ती म्हणाली, “बघ, आंधळी नाहीये ती. देवाची कृपा.”

मग मारिनाल्वा. तिला साधा माइक दिला, तबकडी नाही. पंचेचाळिशीचा गळा, खाऱ्या हवेनं आणि बसच्या धुळीनं जाड झालेला. ती मनापासून गायली. पण लोक ऐकत होते ते तबकडीशी पडताळून, आणि जिथं जिथं ती आज वेगळी गायली तिथं तिथं त्यांच्या दृष्टीनं चुकली. पहिला बर्फाचा खडा तिच्या खांद्याला लागला. मग बिअरचा डबा. “खोटारडी! उतर खाली!” तिनं आर्लिंदोकडे बघितलं. त्या दिवशी गॅरेजमध्ये तोही होता, त्याला सगळं माहीत होतं. आर्लिंदो वाकून वायरी तपासत होता.

आणि क्लोदोमीर पुढे आला, दोन्ही हात वर करून. “अरे, अरे, असं नाही करायचं! ही तर आपलीच आहे! लिबरदादची मारिनाल्वा! अख्ख्या बेटावर जमैकावालीची नक्कल हिच्याइतकी झकास कुणी करत नाही. मारिनाल्वासाठी टाळ्या!”

भिंत गरजली. मारिनाल्वा, मारिनाल्वा. तिचं नाव तिच्याच छातीवर आदळलं आणि पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत गेलं. माणसांनी माना वळवल्या. राग कुठल्या कुठे पळाला, सगळे हसायला लागले, टाळ्या पिटायला लागले, अगदी प्रेमानं. मग तिनं मान लववली. का लववली, ते तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

रॅपची बोलावणी आटली. खोटारडीला कोण बोलावणार? क्लोदोमीरनं मात्र बोलावलं. दर रविवारी, मुख्य कार्यक्रमाच्या आधी, ‘नकलाकार मारिनाल्वा’. आणि ती गेली! दोन शिव्या हासडून घरी बसायचं सोडून ती गेली, कारण त्या भिंतीतून तिचं नाव निघत होतं आणि दुसरीकडे कुठून निघत नव्हतं. तिनं स्वतःच्या आवाजाची नक्कल करायची, लोकांनी ‘जवळजवळ जमलं’ म्हणायचं. असं चार वर्षं चाललं.

मग ‘जवळजवळ’ही जमेना. वरचा सूर लागेना. क्लोदोमीर एके दिवशी घरी आला, पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, “नाल्वा, वय झालं गं. लोक कुरकुरतात. काउआनेला पाठव. मी ऐकलंय तिला, हुबेहूब आहे.”

काउआनेनं नाही म्हटलं नाही. वीस वर्षांची पोर, तिला रंगमंच हवा होता. ती फोन कानाला लावून दिवसभर सुएलेनचं गाणं घोटायला लागली, आणि मारिनाल्वा भांडी घासता घासता ऐकायची. एकदा न राहवून ती पोरीच्या सुरात सूर मिसळायला गेली.

“असं नाही, आई,” काउआनेनं थांबवलं. “ऐक नीट. दुसऱ्या कडव्यात ती बाई मधेच श्वास अडखळवते. सगळी जादू तिथं आहे. तू ते कधीच केलं नाहीस, म्हणून तुझं नकली वाटायचं.”

मारिनाल्वानं ओले हात झग्याला पुसले. “तिथं तू लाथ मारलीस.”

“काय?”

“सातवा महिना होता मला. गाता गाता तू लाथ मारलीस, आणि माझा श्वास अडखळला. ते मुद्दाम केलेलं नाहीये, पोरी. ती तू आहेस.”

काउआनेनं गाणं थांबवलं. क्षणभर वाटलं, आता हिला पटतंय. मग तिच्या तोंडावर कीव आली, लहान मुलाला समजावताना येते तशी.

“आई, पुरे ना आता,” ती हळूच म्हणाली. “निदान माझ्यापुढे तरी.” आणि तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

त्या रविवारी मारिनाल्वा गर्दीत मागे उभी होती. क्लोदोमीरनं काउआनेचं नाव पुकारलं, तिच्या आईचं घेतलं नाही. पोरगी गायली. दुसऱ्या कडव्यात तिनं श्वास अडखळवला, अगदी जिथल्या तिथे, आणि किनाऱ्यावरचे सगळे हात वर गेले. शेजारी एक अनोळखी बाई नवऱ्याच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. तिनं मारिनाल्वाला ओळखलं.

“तुम्ही त्या नकलावाल्या ना?” ती डोळे पुसत म्हणाली. “राग मानू नका हं, पण ही पोरगी तुमच्यापेक्षा सरस आहे. अगदी त्या बाईसारखी.”

“हो,” मारिनाल्वा म्हणाली. “अगदी तशीच आहे.”